ताबा एकाचा, सातबारा दुसऱ्याचा: पूर्व तिमोर, १९९७ ते १९९९

इंडोनेशियात १९९६ साली एक गाडी रस्त्यावर आली, तिचं नाव तिमोर. राष्ट्रीय कार म्हणून गाजावाजा केला, पण आतून ती कोरियाच्या किआची सेफिया होती, नुसता बिल्ला बदललेला, आणि कंपनी राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या धाकट्या मुलाची, टॉमीची, म्हणून तिला इम्पोर्ट ड्युटी माफ आणि लक्झरी टॅक्सही माफ. जपानने डब्ल्यूटीओत केस टाकली, तरी इकडे कोणाला काही घाई नव्हती. मग १५ जानेवारी १९९८ ला जकार्तात सुहार्तो टेबलावर वाकून एका कागदावर सही करतायत आणि शेजारी आयएमएफचे, म्हणजे अडचणीतल्या देशांना कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे, प्रमुख मिशेल कामदेस्यू हाताची घडी घालून उभे, मास्तर नापास पोराकडे बघतात तसे, हा फोटो जगभर छापून आला. त्या कागदात बऱ्याच गोष्टी बंद करायला सांगितल्या होत्या, त्यातल्या दोन म्हणजे या तिमोर गाडीच्या सवलती, आणि बी. जे. हबीबी नावाच्या मंत्र्याच्या लाडक्या विमान कारखान्याला जाणारा सरकारी पैसा. चार महिन्यांनी हेच हबीबी राष्ट्राध्यक्ष झाले. आणि त्यानंतर आठ महिन्यांत त्यांनी खऱ्या तिमोरचं, म्हणजे त्या बेटाच्या पूर्व अर्ध्याचं, काय करायचं ते ठरवून टाकलं.

या प्रकरणाची शॉर्ट आवृत्ती सगळीकडे ऐकू येते ती अशी: आशियात मंदी आली, सुहार्तो पडले, पूर्व तिमोरला स्वयंनिर्णय मिळाला. चूक नाहीये ती. पण त्याच मंदीत, त्याच देशात, आचे आणि पापुआ या दुसऱ्या दोन प्रांतांतली माणसंही रस्त्यावर उतरून हेच मागत होती आणि त्यांना नाही मिळालं. मग तिमोरलाच का, हा मला या केसमधला खरा प्रश्न वाटतो, आणि माझं उत्तर जरा तलाठी ऑफिसच्या खेपा घालून आलेल्या माणसाचं आहे, ते पुढे येईलच.

जमीन कोणाची

तिमोर बेट इंडोनेशियाच्या आग्नेय टोकाला, तिथून ऑस्ट्रेलियाचं डार्विन सातशे किलोमीटरच्या आसपास. पश्चिम अर्ध डचांकडे होतं, पूर्व अर्ध पोर्तुगीजांकडे. आणि इथे आपला संबंध येतो, कारण पोर्तुगीज तिमोरचा कारभार कित्येक वर्षं गोव्यातून चालायचा, पोर्तुगीजांचं जे 'इश्तादो दा इंदिया' होतं त्यात गोवा, दमण, दीव होतं तसं ते लांबचं तिमोरही होतं, १८४४ ला ते गोव्यापासून तोडून मकावला जोडलं. म्हणजे एकाच मालकाची दोन शेतं, एक घराजवळ, एक पार डोंगरापलीकडे जिथे मालक स्वतः कधी फिरकत नाही.

एप्रिल १९७४ ला लिस्बनमध्ये लष्करी उठाव झाला, हुकूमशाही गेली, आणि पोर्तुगालने वसाहती सोडायच्या ठरवल्या. गोवा भारताने १९६१ ला घेतलाच होता, ३१ डिसेंबर १९७४ ला पोर्तुगालने भारताबरोबर करार करून ते मान्य केलं, म्हणजे आपल्या भाषेत फेरफार मंजूर झाला, नोंद पक्की. तिमोरमध्ये मात्र पक्ष निघाले, भांडणं झाली, ऑगस्ट १९७५ ला आपसातच यादवी झाली, त्यातून फ्रेतिलिन हा पक्ष वरचढ ठरला आणि त्याने २८ नोव्हेंबर १९७५ ला स्वातंत्र्य जाहीर केलं. नऊ दिवसांनी, ७ डिसेंबरला, इंडोनेशियाचं सैन्य उतरलं. आदल्या दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड आणि किसिंजर जकार्तात सुहार्तोंचे पाहुणे होते, तो काळ शीतयुद्धाचा, त्यामुळे अमेरिकेने काणाडोळा केला हे वेगळं सांगायला नको. जुलै १९७६ ला इंडोनेशियाने कायदा करून पूर्व तिमोर हा आपला २७ वा प्रांत म्हणून जाहीर केला.

तेव्हा इंडोनेशियाची बाजू घेणारे लोक गोव्याचा दाखला द्यायचे, की भारताने गोवा घेतला, चार दिवस आरडाओरडा झाला, नंतर सगळ्यांनी मुकाट गिळलं, तसंच हेही. आणि हे आपण सहसा विसरतो, पण डिसेंबर १९७५ ला युनोच्या आमसभेत इंडोनेशियाच्या विरोधात ठराव आला तेव्हा भारताने त्याच्या विरोधात मत दिलं, म्हणजे इंडोनेशियाच्या बाजूने. अलिप्ततेची दोस्ती, शेजार, गोव्याची आठवण, जे काही असेल ते, पण दिलं.

पण गोवा आणि तिमोर यात फरक होता तो कागदाचा. गोव्याच्या बाबतीत जुन्या मालकाने स्वतः सही करून दिली. तिमोरच्या बाबतीत पोर्तुगालने सही दिलीच नाही, पुढे पंचवीस वर्षं दिली नाही, आणि युनोच्या यादीत पूर्व तिमोर 'स्वशासन न मिळालेला प्रदेश' आणि पोर्तुगाल त्याचा प्रशासक असंच लिहिलेलं राहिलं. गावाकडे हे आपण रोज बघतो, दांडगाई करून शेत कसतो एक, सातबाऱ्यावर नाव भलत्याचंच, आणि कसणाऱ्याला वाटतं की दहा-पंधरा वर्षं गेली की लोक विसरतील. बरेचदा विसरतातही. इथे मोठ्या देशांपैकी ऑस्ट्रेलियाने तेवढी इंडोनेशियाची मालकी कायदेशीर मानली, कारण मधल्या समुद्रात तेल आणि गॅस होता. डिसेंबर १९८९ ला दोन्ही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी तिमोर समुद्रावर विमानात बसून तेलवाटपाच्या करारावर सह्या केल्या आणि वर शॅम्पेनही घेतली, खाली ज्यांचा समुद्र त्यांना कोणी विचारलं नाही. पोर्तुगालने यावर ऑस्ट्रेलियाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. १९९५ ला निकाल आला की इंडोनेशिया या खटल्यात पक्षकार नाही म्हणून आम्ही करारावर काही बोलू शकत नाही. केस हरल्यासारखीच. पण त्याच निकालात कोर्टाने स्पष्ट लिहिलं की तिमोरच्या लोकांचा स्वयंनिर्णयाचा हक्क शाबूत आहे. इतर हक्कात नोंद कायम, असं समजा.

कागदापलीकडे माणसांचं जे झालं ते भयंकर आहे. नंतरच्या सत्यशोधन आयोगाने १९७४ ते १९९९ या काळात संघर्षामुळे कमीत कमी १,०२,८०० माणसं मेल्याचा हिशोब मांडला, त्यातली बहुतेक गोळीने नाही, भुकेने आणि आजाराने मेली, डोंगरातून हाकलून छावण्यांत कोंबल्यामुळे. हे सगळं झालं तेव्हा तिमोरची लोकसंख्या दहा लाखांच्याही आत होती. १२ नोव्हेंबर १९९१ ला पूर्व तिमोरच्या राजधानीत, दिली शहरात, सांता क्रूझ दफनभूमीत सैन्याने मोर्च्यावर गोळीबार केला आणि तो मॅक्स स्टाल या ब्रिटिश पत्रकाराने शूट केला, पकडले जाणार हे दिसल्यावर त्याने कॅसेट तिथल्याच एका थडग्यात पुरली आणि नंतर काढून बाहेर नेली. त्या फिल्मने जे केलं ते पंधरा वर्षांच्या ठरावांनी केलं नव्हतं. १९९२ ला गनिमी लढ्याचा नेता शनाना गुस्माओ पकडला गेला आणि जकार्ताच्या चिपिनांग तुरुंगात गेला, १९९६ चं शांततेचं नोबेल दिलीचे बिशप बेलो आणि परदेशात तिमोरची बाजू मांडणारे रामोस होर्ता यांना मिळालं. इंडोनेशियाचे परराष्ट्रमंत्री अली अलातास तिमोरला बुटातला खडा म्हणायचे. खड्याने माणूस लंगडत नाही, पण चालायचा आनंद जातो.

तिमोरी लोकांचा स्वतःचा शब्द आहे यासाठी, तेतुम भाषेत, 'उकुन रासिक आन', स्वतःवर स्वतः राज्य करणं. आपल्या स्वराज्याच्या इतका जवळचा शब्द दुसऱ्या भाषेत सापडल्यावर मला बरं वाटलं होतं, असो.

क्रिसमोन

२ जुलै १९९७ ला थायलंडने बाहतचा दर मोकळा सोडला आणि तो कोसळला. इंडोनेशियात कोणी फार घाबरलं नाही, कारण कागदावर सगळं ठीक होतं, ग्रोथ सात टक्क्यांच्या आसपास, महागाई आटोक्यात, वर्ल्ड बँक कौतुक करतेय. पण खाली एक सवय लागून गेली होती. रुपियावर व्याज जास्त, डॉलरवर कमी, आणि सेंट्रल बँक रुपिया दरवर्षी थोडाथोडा, सांगून सवरून उतरवायची, त्यामुळे इंडोनेशियन कंपन्या बिनधास्त डॉलरमध्ये कर्ज घ्यायच्या आणि कमाई मात्र रुपियात, मधला धोका झाकण्यासाठी विमा वगैरे काही नाही. जुलै १९९७ ला डॉलर साधारण २,४०० रुपियाला होता. दहा लाख डॉलरचं कर्ज म्हणजे २४० कोटी रुपिया. १४ ऑगस्टला इंडोनेशियानेही रुपिया मोकळा सोडला, आणि जानेवारी १९९८ ला डॉलर १०,००० झाला, म्हणजे कर्ज बसल्या जागी १,००० कोटी, आणि महिनाअखेरीस काही काळ तर डॉलर १५,००० च्याही पलीकडे गेला. ज्याने एक रुपियाही जास्त उचलला नव्हता तो माणूस सहा महिन्यांत बुडीत निघाला. सगळ्यांना एकदम डॉलर पाहिजे, म्हणून रुपिया आणखी पडतो, म्हणून आणखी लोकांना डॉलर पाहिजे. (आपला रुपयाही याच काळात घसरला, पण आपल्याकडे बाहेरून असं मनमानी कर्ज उचलायला बंदी होती म्हणून आपण बचावलो, तेव्हा ज्या लायसन्स-परमिटला शिव्या घालायचो त्यातलं हे एक कलम कामी आलं.)

आयएमएफ आलं, ऑक्टोबरअखेर पॅकेज ठरलं, आणि १ नोव्हेंबरला १६ बँका एकदम बंद केल्या. इथे मोठी चूक झाली असं आता आयएमएफवालेही मान्य करतात, कारण बाकीच्या बँकांतल्या ठेवींची पूर्ण हमी कोणी दिली नव्हती, मग लोक म्हणाले आज ही सोळा, उद्या माझी, आणि रांगा लागल्या. बंद झालेल्यांत एक बँक सुहार्तोंच्या दुसऱ्या एका मुलाची होती, त्याने आधी कोर्टात धाव घेतली आणि मग दुसरीच बँक हाताशी धरून धंदा पुन्हा चालू केला. ते बघून लोकांना कळायचं ते कळलं. त्याच वर्षी एल निनोचा दुष्काळ, सुमात्रा आणि कालिमांतानची जंगलं पेटलेली, भात गेलं. लोकांनी या सगळ्याला एक नाव ठेवलं, क्रिसमोन, म्हणजे 'क्रिसिस मोनेतेर'चं छोटं रूप. १९९८ ला अर्थव्यवस्था १३ टक्क्यांनी आकसली, महागाई पाऊणशे टक्क्यांच्या वर. आपल्याकडे ग्रोथ आठवरून पाचवर आली की पेपर काळे होतात, तिथे तेरा टक्के वजा झालं.

मार्च १९९८ ला सुहार्तो सातव्यांदा निवडून आले, उपाध्यक्ष म्हणून हबीबींना घेतलं. मे महिन्यात पेट्रोल आणि बसभाडं वाढलं. १२ मेला त्रिसाक्ती युनिव्हर्सिटीतले चार विद्यार्थी गोळीबारात गेले, पुढचे तीन दिवस जकार्ता जळत होतं, हजाराच्या वर माणसं मेली, चिनी वंशाच्या लोकांची दुकानं निवडून फोडली, बायकांवर अत्याचार झाले. विद्यार्थी संसदेत जाऊन बसले, चौदा मंत्र्यांनी नव्या मंत्रिमंडळात येणार नाही म्हणून कळवलं, आणि २१ मेला बत्तीस वर्षांचं राज्य टीव्हीवर काही मिनिटांच्या भाषणात संपलं.

हे सगळं जकार्तात घडलं, दिलीत नाही. तिमोरी गनिमांनी सुहार्तोंना पाडलं नाही, ते तोवर डोंगरात काहीशे उरले होते. बाहतपासून सुरू झालेली साखळी तिमोरपर्यंत पोचली ती अशी, वळसा घालून.

इंजिनियर आणि पत्र

हबीबी म्हणजे जर्मनीत शिकलेला विमानांचा इंजिनियर, सुलावेसीचा, जावाचा नाही, आणि मुख्य म्हणजे आर्मीचा नाही. तिमोरमध्ये हजारो सैनिक मेले होते, वरच्या कितीतरी जनरलांची करिअर तिथेच घडली होती, त्यांना तिमोर सोडणं म्हणजे नाक कापून देणं. हबीबींना तसलं काही नव्हतं. त्यांच्यासमोर एक ताळेबंद होता: प्रांताचा जवळजवळ सगळा खर्च जकार्ताने करायचा, बदल्यात कॉफी सोडली तर फारसं उत्पन्न नाही, आणि ज्यांच्याकडून डॉलर आणायचेत ते युरोप-अमेरिकेचे लोक प्रत्येक मीटिंगमध्ये तिमोरचा विषय काढतात. (कॉफीवरून आठवलं, तिमोरमध्ये अरेबिका आणि रोबस्टाचा आपोआप झालेला एक संकर सापडला होता, तांबेऱ्याला दाद न देणारा, चिकमंगळूर-कूर्गकडे कावेरी नावाची जात लावतात तिच्यात त्याच झाडाचं रक्त आहे.)

जून १९९८ ला हबीबींनी 'विशेष स्वायत्तता' देऊ केली, इंडोनेशियातच राहा पण कारभार तुमचा. शनानाने तुरुंगातूनच सांगितलं की मधला टप्पा म्हणून चालेल, शेवट म्हणून नाही. युनोच्या मध्यस्थीने पोर्तुगाल-इंडोनेशिया बोलणी सुरू झाली आणि रेंगाळली. मग ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांचं १९ डिसेंबर १९९८ तारखेचं पत्र आलं. हॉवर्डना तिमोर इंडोनेशियातच राहायला हवं होतं, हे लक्षात घ्या, त्यांचा सल्ला एवढाच होता की फ्रान्सने न्यू कॅलेडोनिया या आपल्या पॅसिफिकमधल्या वसाहतीत केलं तसं करा, आधी बरीच वर्षं स्वायत्तता द्या, मग निवांत मतदान. हबीबी भडकले. एक तर फ्रान्सशी तुलना म्हणजे आम्ही वसाहतवाले झालो. आणि दुसरा मुद्दा हिशेबाचा: दहा वर्षं पैसे घालायचे आणि शेवटी ते निघूनच जाणार असतील तर दहा वर्षं कशाला, आत्ताच विचारा की. जानेवारीत त्यांनी त्या पत्रावरच शेरा मारून ते मंत्र्यांकडे फिरवलं, आणि २७ जानेवारी १९९९ ला मंत्रिमंडळाने जाहीर केलं की स्वायत्तता नाकारली तर तिमोरला सोडून देऊ. पुढच्या महिन्यात हबीबी म्हणाले की १ जानेवारी २००० पासून आम्हाला हा ताप नको.

चोवीस वर्षं जे ठराव, नोबेल, बंदुका यांना जमलं नाही ते एका वैतागलेल्या शेऱ्याने झालं, असं म्हणायचा मोह होतो. मी पण आधी तसंच समजायचो. पण शेरा मारला तरी पुढे काय, याचं उत्तर तयार होतं म्हणून गाडी पुढे गेली: युनोत फाईल उघडीच होती, प्रशासक म्हणून सही करायला पोर्तुगाल बसलेलाच होता, तिमोरी बाजूने बोलायला शनाना होता, ज्याला लगेच तुरुंगातून काढून एका घरात नजरकैदेत ठेवलं म्हणजे लोकांना भेटता येईल. ५ मे १९९९ ला न्यूयॉर्कमध्ये अलातास, पोर्तुगालचे मंत्री जाइमे गामा आणि युनोचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी करारावर सह्या केल्या.

त्या करारात एक कलम विषारी होतं, मतदानाची सुरक्षा इंडोनेशियाच्या पोलिसांकडे. सगळ्यांना दिसत होतं, तरी मान्य केलं, कारण ७ जूनला इंडोनेशियात निवडणूक होती, विरोधी पक्षाच्या नेत्या मेगावती येण्याची शक्यता होती आणि त्यांचा या सगळ्यालाच विरोध होता. दार किती दिवस उघडं राहील ते माहीत नाही, तर अंगावर ओरखडे आले तरी घुसायचं. मी तिथे असतो तर काय केलं असतं ते मला आजही ठरवता येत नाही.

दोन चित्रं

आर्मीने तोवर मिलिशिया उभ्या केल्या होत्या, गावोगावची पोरं, हातात सुरे आणि घरगुती बंदुका. लिकिसाच्या चर्चमध्ये आसरा घेतलेल्या लोकांवर ६ एप्रिलला हल्ला झाला, म्हणजे करारावर सही व्हायच्या महिनाभर आधी. या टोळ्यांना सरकारी विकास निधीतूनही पैसा जात होता, म्हणजे मंदीत अडकलेल्या सरकारचा तिजोरीतला पैसा कुठे चालला होता बघा.

आपल्याकडे १६ जानेवारी १९६७ ला गोव्याचा ओपिनियन पोल झाला होता, फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायचं, दोन पानं म्हणजे वेगळं राहायचं, आणि दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली, आमच्याकडच्या जुन्या लोकांना ते अजून टोचतं. तिमोरची मतपत्रिकाही तशीच दोन चित्रांची, स्वायत्ततेपुढे इंडोनेशियाच्या झेंड्याचं चित्र, नकारापुढे स्वातंत्र्यवाद्यांचा झेंडा. फरक एवढाच की गोव्यात हरलेले लोक घरी जाऊन हळहळत बसले.

३० ऑगस्ट १९९९. मतदार ४,५१,७९२. लोक पहाटेपासून, काही तर आदल्या रात्रीपासून रांगेत. मतदान ९८ टक्क्यांच्या वर, आणि मत देऊन बरेच जण घरी न जाता सरळ डोंगरात निघून गेले, कारण पुढे काय होणार ते त्यांना युनोपेक्षा चांगलं माहीत होतं. ४ सप्टेंबरला निकाल: स्वातंत्र्याच्या बाजूने ३,४४,५८०, स्वायत्ततेच्या बाजूने ९४,३८८. साडेअठ्ठ्याहत्तर टक्के.

आणि मग दिली पेटवली. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत बहुतेक इमारती जाळल्या, विजेच्या तारा, पाण्याचे पंप, सरकारी रेकॉर्ड सगळं गेलं, अडीच लाखांच्या आसपास लोकांना पश्चिम तिमोरमध्ये नेलं, बरेचसे जबरदस्तीने. त्या वर्षातल्या हिंसाचारात हजाराच्या वर माणसं मेली. सुआईच्या चर्चमध्ये पाद्र्यांसकट लोकांना मारलं. आपल्याकडे त्याच महिन्यात लोकसभा आणि विधानसभा दोन्ही निवडणुका होत्या, कारगिल ताजं होतं, त्यामुळे पेपरात तिमोर आतल्या पानावर कुठेतरी.

पैशाची दुसरी खेप

मंदी या गोष्टीत दोनदा येते. पहिल्यांदा सुहार्तोंना पाडायला, ते सगळे सांगतात. दुसऱ्यांदा सप्टेंबर १९९९ मध्ये, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते.

दिली जळत असताना कोणता देश सैन्य घेऊन घुसणार होता? कोणीच नाही, इंडोनेशियाच्या परवानगीशिवाय जाणार नाही असं सगळ्यांनी सांगून टाकलं होतं. म्हणजे परवानगी मिळवायची. आणि वीस कोटींच्या देशाकडून ती मिळवायला हातात काय, तर तो देश आयएमएफच्या हप्त्यांवर जगत होता. वर्ल्ड बँकेच्या अध्यक्षांनी हबीबींना पत्र लिहिलं, आयएमएफने ठरलेला दौरा थांबवला, क्लिंटननी लष्करी संबंध तोडले आणि इशारा दिला. प्रामाणिकपणे सांगायचं तर आयएमएफचा पैसा तेव्हा आणखी एका कारणाने अडकला होता, बँक बाली नावाच्या बँकेतून सत्ताधारी पक्षाच्या जवळच्या लोकांकडे वळवलेल्या पैशाचं प्रकरण त्याच उन्हाळ्यात बाहेर आलं होतं, त्यामुळे कोणता दबाव किती ते सुटं करून मोजता येत नाही. पण दोन्हींचा बोजा एकाच गळ्यावर होता. ऑकलंडला आशिया-पॅसिफिकचे सगळे नेते एपेकसाठी जमलेलेच होते, दिवसभर हाच विषय. १२ सप्टेंबरला रात्री हबीबी टीव्हीवर आले आणि आंतरराष्ट्रीय फौजेला या म्हणाले. १५ तारखेला सुरक्षा परिषदेचा ठराव, २० तारखेला ऑस्ट्रेलियाचे जनरल पीटर कॉसग्रोव्ह यांच्या हाताखाली फौज दिलीत उतरली.

आता हेच १९९६ ला घडलं असतं तर? तेव्हा रुपिया २,३००-२,४०० वर शांत होता, बाहेरचे पैसे स्वतःहून येत होते, कोणाच्या पत्राला जकार्ताने उत्तरही दिलं नसतं. ज्याला पैशाची गरज नाही त्याच्यावर पैशाचा दबाव चालत नाही, साधी गोष्ट.

हबीबींना याचं काय मिळालं, तर ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या लोकसल्लागार सभेने त्यांचा कारभाराचा अहवाल ३५५ विरुद्ध ३२२ मतांनी फेटाळला आणि त्यांनी उमेदवारी मागे घेतली. त्याच अधिवेशनात तिमोरच्या विलीनीकरणाचा निर्णय रद्द झाला.

आचे, पापुआ

आता मूळ प्रश्न. ८ नोव्हेंबर १९९९ ला बंदा आचेमध्ये लाखो लोक रेफरंडम मागायला जमले, दिलीत जेवढे मतदार होते त्याहून जास्त असतील. मंदी तीच, कमजोर केंद्र तेच, आयएमएफ तेच. पण आचे डच ईस्ट इंडीजचा भाग होता आणि डचांनी १९४९ ला तो सगळा मुलूख इंडोनेशियाला रीतसर देऊन टाकलेला, युनोत त्याची फाईलच नव्हती. पापुआचं तर जास्त वाईट, तिथे १९६९ ला 'मतदान' झालं, सुमारे आठ लाख लोकांच्या वतीने वेचून घेतलेल्या हजारभर माणसांनी सैन्याच्या समोर हात वर करून होकार दिला आणि युनोच्या आमसभेने त्याची नोंद घेतली. दांडगाई तशीच, पण फेरफार मंजूर. वर आचेला अरुण क्षेत्राचा गॅस आणि पापुआला फ्रीपोर्ट या अमेरिकन कंपनीची सोन्या-तांब्याची खाण, म्हणजे ताळेबंदात हे दोन्ही प्रांत जमेच्या बाजूला, तिमोर खर्चाच्या. वैतागलेला हिशोबनीस खर्चाची बाब सोडतो, जमेची नाही.

काही लोक म्हणतात कागदाबिगदाला काही अर्थ नसतो, शेवटी ताकद. मला हे पटत नाही, निदान या केसमध्ये तरी नाही. ताकद डळमळली तेव्हा जगाने कोणाकडे बोट दाखवायचं ते त्या जुन्या, धूळ खात पडलेल्या नोंदीने ठरवलं. उलट कागद होता आणि ताकद डळमळली नाही अशी तेवीस वर्षं तिमोरने काढलीच, त्यामुळे नुसत्या कागदाने पण काही झालं नसतं हेही खरं. आचेला पुढे जे मिळालं ते वेगळ्याच वाटेने, डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर ऑगस्ट २००५ ला हेलसिंकीत करार झाला, स्वायत्तता आणि तेल-गॅसच्या उत्पन्नातले ७० टक्के, वेगळा देश नाही. त्यांचा लढा तिथे थांबला, पापुआचा अजून चालू आहे.

नंतर

युनोने अडीच वर्षं कारभार बघितला आणि २० मे २००२ ला तिमोर-लेस्त देश झाला, शनाना पहिला राष्ट्राध्यक्ष. समुद्राचं भांडण मात्र ऑस्ट्रेलियाबरोबर चालूच राहिलं, ज्यांनी फौज आणली त्यांनीच तेलात हात अडकवून ठेवला होता, सीमारेषेचा करार व्हायला मार्च २०१८ उजाडलं. तेलाचा पैसा २००५ पासून एका फंडात साठवला, तो १८ अब्ज डॉलरच्या घरात गेला, पण जिथून तो यायचा ते बायू-उंदान क्षेत्र आता आटलं आहे आणि सरकारचा बहुतेक खर्च अजून त्या फंडातूनच होतो. पुढचं ग्रेटर सनराइज क्षेत्र कोणाच्या किनाऱ्याला पाइपलाइन न्यायची या वादात पडून आहे. ऑक्टोबर २०२५ ला आसियानने त्यांना अकरावा सदस्य करून घेतलं, ज्या टेबलावर इंडोनेशिया बसतो त्याच टेबलावर, तेही शनाना पंतप्रधान असताना.

आणि त्यांचं चलन. २००० साली युनोच्या प्रशासनाने सरळ अमेरिकन डॉलर लागू केला, तोच आजही चालतो, स्वतःचा मध्यवर्ती बँकेचा दर वगैरे भानगडच नाही, त्यामुळे रुपियाचं जे झालं ते त्यांच्या नोटेचं होऊ शकत नाही, आणि गरज पडली तर नोट उतरवून निर्यात स्वस्त करायची सोयही नाही. नोटा वॉशिंग्टनच्या असल्या तरी २००३ पासून नाणी त्यांची स्वतःची आहेत, सेंताव्हो, दिलीच्या बाजारात भाजीवाल्या बाया एक डॉलरच्या नोटेवर तीच सुट्टी परत देतात.